उष्टावणाचा मुहूर्त आणि बाळाची भूक

सोमवारची ओपीडी म्हणजे जत्रा. त्या गर्दीत लालबागच्या एका चाळीतून एक आई आणि आजी नऊ महिन्यांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. तक्रार होती सर्दीची. ‘सारखा सर्दावतो, किरकिर करतो, रात्री चार-चार वेळा उठतो,’ असं आई सांगत होती. छाती तपासली, घसा पाहिला. साधी सर्दी होती. पण माझी नजर माता-बाल संरक्षण कार्डावरच्या वजनाच्या आलेखावर थांबली. जन्माच्या वेळी २.८ किलो, सहाव्या महिन्यात ६.८ किलो. तिथवर रेषा नीट वर चढत होती. त्या दिवशी काट्यावर भरलं ७ किलो. तीन महिन्यांत फक्त दोनशे ग्रॅम! (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

“खायला काय देतेस गं?” मी विचारलं.

“अंगावरचं दूध आहेच. शिवाय डाळीचं पाणी देते, भाताची पेज गाळून देते. आणि दुधात बिस्कीट.”

“घट्ट काही?”

आई गप्प झाली. आजी म्हणाल्या, “उष्टावण व्हायचंय ना अजून. सहाव्या महिन्यात करणार होतो, तर घरात सुतक आलं. मुलगा आहे, सातव्यात कसं करणार? आठवा धरला, तर मामाला गावाहून रजा मिळाली नाही. आता दहाव्यात करू. तोवर पातळ चालू आहे की, बाई. उपाशी थोडाच ठेवलाय?”

आजींचं खोटं नव्हतं. बाळाच्या पोटात दिवसभर काही ना काही जात होतं. तरीही ते उपाशी होतं. हे कसं, ते समजून घेण्यासाठी आजचा लेख.

सहा महिन्यांनी काय बदलतं?

पहिले सहा महिने, म्हणजे १८० दिवस, बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही लागत नाही. पाणी, मध, गुटी यांपैकी काही नको. पूर्वी ‘चार ते सहा महिन्यांनी वरचं सुरू करा’ असा सल्ला आम्ही डॉक्टरही देत असू. २००१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने पूर्ण सहा महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस केली, तेव्हापासून तो बदलला.

सहा महिन्यांनंतर मात्र गणित बदलतं. दूध पूर्वीइतकंच चांगलं असतं, पण बाळ मोठं झालेलं असतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. आईच्या दुधातून त्यांपैकी ४०० च्या आसपास मिळतात. उरलेल्या २०० वरच्या अन्नातून यायला हव्यात. नऊ ते अकरा महिन्यांत ही तूट ३०० वर जाते आणि वर्षानंतर ५५० वर.

दुसरी तूट लोहाची. पूर्ण दिवस भरून जन्मलेलं बाळ आईच्या पोटातूनच लोहाची शिदोरी घेऊन येतं. ती जेमतेम सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं. त्यामुळे सातव्या महिन्यापासून ते अन्नातून आलं नाही, तर बाळाचं रक्त कमी होऊ लागतं. लोह फक्त रक्तासाठी लागत नाही. मेंदूची वाढ याच काळात सर्वांत वेगाने होत असते आणि तिलाही लोह लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. दहातली जवळपास सात! याच पाहणीनुसार देशातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांना आईच्या दुधाबरोबर वरचं घट्ट अन्न मिळत होतं.

आमच्या त्या छोट्या रुग्णाचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. रात्रीची किरकिर आणि वारंवारची आजारपणं यांच्या मुळाशी तेही होतं.

डाळीच्या पाण्याची गोष्ट

सहा-सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलिलिटर अन्न मावतं. म्हणजे आपल्या आमटीच्या वाटीएवढं. आता विचार करा, त्या एवढ्याशा जागेत काय भरायचं? आईच्या १०० मिलिलिटर दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात. वरणाच्या पातेल्यातलं वरवरचं पाणी त्याच्या जवळपासही पोचत नाही, कारण डाळ तर खाली राहिलेली असते. प्रथिनं आणि लोह त्या डाळीत. पाण्यात येतो तो डाळीचा रंग आणि वास.

म्हणजे अशा पाण्याने बाळाचं पोट भरलं, की आईच्या दुधाची भूक मरते आणि त्याच्या जागी त्याहून हलकं अन्न पोटात जातं. बाळ काही वेळ शांत होतं, म्हणून आपल्याला वाटतं की जेवलं. गाळलेली पेज, फळांचा रस, भाज्यांचं गाळलेलं सूप या सगळ्यांची हीच कथा. आणि बिस्कीट म्हणजे मैदा, साखर, तेल. त्यातून लोह जवळजवळ नाहीच. काही घरांत तर ते चहात बुडवून देतात, आणि चहा अन्नातलं उरलंसुरलं लोहही शरीरात शोषू देत नाही.

घास किती घट्ट हवा, याची चाचणी सोपी आहे. चमचा तिरका करा. अन्न ओघळून गेलं तर ते पातळ. चमच्यावर टिकून राहिलं तर बरोबर. ‘दात कुठे आलेत?’ हा प्रश्न हमखास येतो. मऊ कुस्करलेलं अन्न चघळायला हिरड्या पुरतात. दातांची वाट पाहू नये.

बाळ तयार आहे, हे कसं ओळखायचं?

सहा महिने पूर्ण होत आले, मान पक्की धरता आली, आधाराने बसता आलं, घरच्यांच्या ताटाकडे हात जाऊ लागला आणि तोंडात घातलेला चमचा जिभेने बाहेर ढकलणं कमी झालं, की बाळ तयार आहे. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.

सुरुवातीला दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे. पहिले काही दिवस अर्धं अन्न हनुवटीवर आणि झबल्यावरच जाईल. ते चालायचंच, बाळ शिकत असतं. हळूहळू वाढवत आठव्या महिन्यापर्यंत २५० मिलिलिटरच्या वाटीने अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी तीन-चारदा आणि मध्ये एखादा खाऊ. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी तीन-चारदा. आईचं दूध या सगळ्यासोबत दोन वर्षांपर्यंत आणि त्याहीपुढे चालू ठेवावं.

घासाचा पोतही बदलत न्यायचा. सहाव्या-सातव्या महिन्यात मऊ गुरगुट्या, आठव्यात थोडं भरड, नवव्या-दहाव्यात बोटांनी धरून खाता येईल असे उकडलेल्या गाजराचे, बटाट्याचे, पिकलेल्या केळ्याचे तुकडे, आणि वर्षाचं झालं की घरच्या ताटातलं. मिक्सरमधून लगदा करून देण्याची सवय वर्षभर लांबवली, तर पुढे मूल चावायलाच तयार होत नाही. अशी दोन-अडीच वर्षांची मुलं ओपीडीत नेहमी येतात.

वेगळा स्वयंपाक नको

बाळासाठी महागडे डबे आणायलाच हवेत, असं मुळीच नाही. दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या दुधाच्या पावडरी आणि आहार यांची जाहिरात करायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. तो कायदा १९९२ चा, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा. स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणाऱ्या ‘बीपीएनआय’ या संस्थेची स्थापना १९९१ मध्ये वर्ध्यात झाली, आणि त्याआधी दोन वर्षं, १९८९ मध्ये, आपल्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली होती.

घरात रोज शिजतं त्यातूनच बाळाचं जेवण निघतं. तिखट-मीठ घालण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढायचा, एवढंच. काही सोपे प्रकार सांगते.

दोन भाग तांदूळ आणि एक भाग मुगाची डाळ यांची मऊ खिचडी. तीत मूठभर पालक, लाल भोपळा किंवा गाजर शिजवून घोटायचं, वरून चमचाभर साजूक तूप. एका छोट्या चमच्याने सुमारे ४० कॅलरी वाढतात आणि वाटीचा आकार तेवढाच राहतो. वर लिंबाचे दोन थेंब पिळले तर त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळीतलं, भाजीतलं लोह अधिक शोषलं जातं.

भाकरीचा मऊ पापुद्रा घट्ट वरणात कुस्करून. उकडलेलं रताळं. पिकलेलं केळं, पपई, चिकू. घरचं ताजं दही.

अंडं, मासे, मटण-कोंबडी खाणाऱ्या घरांनी तेही याच वयात सुरू करावं. त्यांतलं लोह भाजी-डाळीतल्या लोहापेक्षा सहज अंगी लागतं. अंडं नीट उकडलेलं असावं, पिवळा आणि पांढरा दोन्ही भाग चालतात. गिरगाव-लालबागच्या कोकणी घरांत मासे रोजचे. पापलेटासारखा मोठ्या काट्याचा मासा वाफवून, बोटांनी दोनदा चाचपून, काटा नाही याची खात्री करून भातात कुस्करावा. मांदेलीसारखे बारीक काट्यांचे मासे बाळाला नकोत.

नाचणीबद्दल एक खुलासा. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून ती उत्तमच. पण ‘नाचणी देतोय म्हणजे लोहाची काळजी नाही’ हा समज बरोबर नाही. तिच्यासोबत डाळ, पालेभाजी, अंडं हवंच. आणि नाचणीला मोड आणण्याची आपली जुनी पद्धत फार शहाणपणाची आहे. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं. ते पिठातल्या स्टार्चचे तुकडे करतं. त्यामुळे मोडाचं पीठ पाण्यात जास्त घातलं तरी गोळा होत नाही, बाळाला गिळता येईल असं मऊ राहतं. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त अन्न मावतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर संशोधन केलं. मोड आलेल्या धान्याचं चिमूटभर पीठ घट्ट शिजलेल्या, कोमट झालेल्या पेजेत मिसळलं, तर ती लगेच सैल होते. पाणी ओतावं लागत नाही.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो. तो जरूर घ्यावा. सरकारी कार्यक्रमातून याच वयापासून आठवड्यातून दोनदा, एक मिलिलिटर लोहाचं सिरपही दिलं जातं. अंगणवाडीताईंकडे किंवा आशाताईंकडे चौकशी करा. ज्या बाळाचं रक्त आधीच कमी आहे, त्याला लागणारा डोस वेगळा असतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

हे मात्र नको

वर्षाच्या आत मध चाटवू नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो. मीठ-साखर वर्षापर्यंत टाळावी. गाई-म्हशीचं दूध हे वर्षाच्या आत मुख्य अन्न करू नये. दह्यात, खिरीत थोडं वापरलं तर हरकत नाही. अख्खे शेंगदाणे, चणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं घशात अडकतात. पाच वर्षांपर्यंत ती देऊ नयेत. बाटली नको. वाटी-चमचाच बरा, तो धुता येतो.

शेंगदाण्याचं कूट मात्र पातळ करून, पेजेत मिसळून देता येतं. ‘ॲलर्जी होईल’ म्हणून ते लांबवण्याची पद्धत होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लंडनमधल्या ६४० बाळांच्या एका अभ्यासात उलटंच दिसलं. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ज्या बाळांना वर्षाच्या आतच शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी चार-पंचमांशाने कमी होती. तरी ज्या बाळाला त्वचेचा तीव्र इसब आहे किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, त्याच्याबाबत आधी डॉक्टरांशी बोलावं. इतरांनी नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा आणि दोन-तीन दिवस पाहावं.

चाळीतल्या घरांसाठी एक गोष्ट विशेष. पाणी पहाटे येतं आणि पिंपात दिवसभर साठतं. बाळाचं पाणी उकळून झाकून ठेवा, भरवण्याआधी भरवणाऱ्याचे आणि बाळाचे दोघांचेही हात साबणाने धुवा, आणि शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवून भरवू नका. अनेक बाळांना पहिली हगवण वरचं अन्न सुरू झाल्यावरच लागते. त्याचं कारण अन्न नसतं, हात आणि पाणी असतात. बाळ आजारी पडलं तरी जेवण बंद करू नका. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या.

भरवणारे हात

आता प्रश्न, हे सगळं करायचं कोणी? आमच्या परळ-लालबागला हा प्रश्न नवा नाही. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयासाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी गिरण्यांतल्या बायांची पाहणी केली. आई पाळीवर जाताना बाळ झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल त्यांना सर्रास आढळली. त्या आया निर्दय नव्हत्या. बाळाला सांभाळायला कोणी नव्हतं. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने देशातला पहिला प्रसूतिलाभ कायदा केला, त्याला अशी पार्श्वभूमी होती.

आज कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे, २०१७ पासून. पण त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले, तर आई कामावर परतते तेव्हा बाळ साधारण चार महिन्यांचं असतं, आणि वरचं अन्न सुरू करायची वेळ येते तेव्हा ती लोकलमध्ये असते. घरकाम करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या बायांना तर तेवढीही रजा नाही. मग भरवण्याचं काम येतं आजीवर, पाळणाघरातल्या मावशींवर, आणि हल्ली मोबाइलवर. पडद्याकडे पाहत तोंड उघडणारं बाळ पोट भरलं की नाही हे ओळखायला शिकत नाही. त्याच्यासमोर बसा, त्याच्याशी बोला, तोंड फिरवलं तर थांबा. नवी चव बाळ पहिल्यांदा थुंकतंच. आठ-दहा वेळा दिल्यावर ती आवडू लागते. बळजबरी करू नका आणि लगेच हारही मानू नका. बाबांनी, आजोबांनीही एक वेळचं भरवणं अंगावर घ्यावं. त्याला कोणतीही पदवी लागत नाही.

पुन्हा त्या आजी

त्या दिवशी मी आजींना विचारलं, “तुमच्या मुलांना काय घालत होतात हो?”

“आम्ही?” त्या हसल्या. “गिरणीचा संप झाला तेव्हा याचा बाप नऊ-दहा महिन्यांचा होता. घरात पैसा नाही. मऊ भात, त्यात घट्ट डाळ, कधी सासूने पाखडून मोड आणलेली नाचणी. बिस्कीट कुठलं परवडायला?”

“मग तेच करा ना. बिस्कीट बंद, मऊ भात सुरू.”

“पण उष्टावण...”

“उष्टावण थाटात करा. मामा येईल तेव्हा चांदीच्या वाटीतून खीर भरवा, फोटो काढा. मुलाला सम महिना, मुलीला विषम महिना, जे तुमच्या घरात असेल ते पाळा. पण तो समारंभ आहे. जेवण आजपासून.”

आजींनी थोडा वेळ नातवाकडे पाहिलं. मग सुनेला म्हणाल्या, “चल गं, घरी जाऊन कुकर लावू.”

लोहाचं औषध सुरू केलं. दुधात बिस्कीट बंद झालं. महिन्याने वजन होतं ७.४ किलो. अजून ते वयाच्या मानाने कमीच आहे, आणि आलेखावरची जागा भरून निघायला वेळ लागेल. पण रेषा पुन्हा वर चढू लागली आहे.

तुमच्या घरात सहा महिन्यांचं बाळ असेल, तर आज त्याचं कार्ड काढून पाहा. लागोपाठ दोन महिने वजन वाढलेलं नसेल, बाळ फिकट दिसत असेल, घास गिळताना वारंवार ठसका लागत असेल किंवा आठ महिने होऊनही आधाराने बसत नसेल, तर जवळच्या दवाखान्यात दाखवा. आणि सगळं ठीक असेल, तर संध्याकाळच्या वरणभातातला त्याचा वाटा मीठ घालण्याआधी बाजूला काढायला विसरू नका.